भोक कुठं पाडायचं?

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हातात घेतला तर स्पार्क प्लगचा थोरला भाऊ वाटतो. टोकाला भोकं असलेलं धातूचं टोपण, मध्ये २२ मिलिमीटरच्या पान्यात बसणारा षटकोन, त्याखाली १८ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि मागून निघालेल्या पाच वायरी. तो गाडीत बसवण्याचं काम ऐकायला सोपं आहे. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला भोक पाडायचं, भोकावर आटे असलेली पोलादी कडी वेल्ड करायची, तिच्यात सेन्सर आवळायचा आणि वायरी कंट्रोलरला जोडायच्या. ट्यूनिंग करणारी मंडळी त्या कडीला बंग म्हणतात. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. त्यामुळे गाडीवाल्याचा सगळा विचार सेन्सर कोणत्या कंपनीचा घ्यावा आणि डायल कोणता शोभेल यातच संपतो, आणि भोक कुठं पाडायचं हे मिस्त्रीच्या ड्रिलला जिथं जागा मिळेल त्यावर सोडलं जातं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. डायलवर उमटणारा आकडा एकट्या सेन्सरचा नसतो. भोकाची जागा, कडीचा कोन, त्याआधीचे पाइपाचे सांधे, अर्थिंगची वायर हे सगळं मिळून मोजमापाचं यंत्र तयार होतं, आणि सेन्सर हा त्या यंत्राचा फक्त एक भाग असतो. उत्तम सेन्सर चुकीच्या जागी बसवला तर तो खोटं बोलत नाही. त्या चुकीच्या जागेबद्दल अगदी खरं सांगतो. घोटाळा तिथंच होतो.

सेन्सर काय मोजतो ते आधी पाहू. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनाला प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि लागणारी हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे हिशेब चोख. त्याहून जास्त म्हणजे हवा उरली, मिश्रण लीन झालं. कमी म्हणजे पेट्रोल उरलं, मिश्रण रिच झालं. हा हिशेब धुरावरून मांडता येतो, कारण झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थात थोडं यिट्रिया मिसळून तो तापवला की त्यातून ऑक्सिजनचे आयन आरपार जाऊ लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनमध्ये तफावत जास्त, तसा विजेचा दाब जास्त. या दाबाचं समीकरण जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं. ते मोटारीच्या पाइपात पोहोचायला मात्र १९७६ उजाडलं. कॅलिफोर्नियातले धुराचे नियम कडक झाले होते आणि तिथं जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांना बॉशचा लॅम्डा सेन्सर लागला. धुरातले तिन्ही मुख्य विषारी घटक एकाच वेळी निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यात नीट काम करतो, आणि इंजिनाला त्या पट्ट्यात धरून ठेवण्यासाठी हा पहारेकरी हवा होता. लीन मिश्रणात तो ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो, रिचमध्ये ०.९ च्या आसपास, आणि ठीक १ वर एकदम उडी मारतो. उंबरठ्यावर बसलेल्या माणसासारखा. कुणी आत आलं की बाहेर गेलं एवढं तो बिनचूक सांगेल. गेलेला माणूस किती लांब गेला ते त्याला दिसत नाही.

वाइडबँडला ते लांबवरचं दिसतं. १९९० च्या दशकात गाड्यांमध्ये येऊ लागलेल्या या सेन्सरात झिर्कोनियाचेच दोन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीकशी पोकळी. धूर एका अरुंद वाटेनं त्या पोकळीत झिरपतो. एक भाग पोकळीतल्या वायूवर नजर ठेवतो, दुसरा पंपासारखा ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ओढून घेतो. पोकळीत कायम लॅम्डा १ राहील, म्हणजे नजर ठेवणाऱ्या भागावर ४५० मिलिव्होल्ट टिकून राहतील, एवढा प्रवाह कंट्रोलर पंपाला देतो. मिश्रण लीन असेल तर ऑक्सिजन उपसावा लागतो, रिच असेल तर भरावा लागतो, अगदी १ असेल तर प्रवाह शून्य. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजला की मिश्रण किती रिच किंवा किती लीन हे कळतं. या रचनेतच माझ्या मुद्द्याचं मूळ आहे. सेन्सर मोजतो तो त्या इवल्या पोकळीत झिरपलेला वायू. सिलिंडरमध्ये काय घडलं ते त्याला ठाऊक नसतं. सिलिंडर आणि पोकळी यांच्यामध्ये जो पाइप आहे, त्यात जे जे मिसळलं, उशिरानं आलं, थंड झालं किंवा दाबलं गेलं, ते सगळं त्या वायूबरोबर आत येतं.

अंतरापासून सुरुवात करू, कारण भोकाची जागा ठरवताना पहिला प्रश्न तोच येतो. सेन्सर इंजिनाच्या फार जवळ बसवला तर तापमान मारतं. बॉशच्या एलएसयू ४.९ या खूप वापरल्या जाणाऱ्या सेन्सरला ९३० अंश सेल्सिअसपर्यंतचा धूर चालतो, पण त्याचा षटकोन ६०० च्या आत आणि वायरी निघतात ते टोक २५० च्या आत राहायला हवं. जोरात पळवलेल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांना, लागून या मर्यादा सांभाळणं कठीण. शिवाय चारही सिलिंडरांचे पाइप एकत्र येण्याआधी भोक पाडलं तर सेन्सर एकाच सिलिंडरची हकीकत सांगणार. म्हणून पाइप एकत्र आल्यानंतर, इंजिनापासून साधारण पाऊण-एक मीटरवर आणि कन्व्हर्टरच्या आधी, ही जागा बहुतेक गाड्यांत योग्य ठरते. मग आणखी मागे का नको? याचा साधा हिशेब मांडता येतो. १,२०० सीसीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर निवांत चालू आहे आणि सिलिंडर एक-तृतीयांशच भरतात असं धरलं, तर सेकंदाला अडीच लिटरच्या आसपास हवा आत जाते. तीच तापून फुगली की पाच-साडेपाच लिटर होते. ४५ मिलिमीटरच्या पाइपातून हा धूर सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास सरकतो. म्हणजे प्रत्येक जास्तीच्या मीटरमागे ०.३ सेकंदाचा उशीर. तेच इंजिन ६,००० फेऱ्यांवर पूर्ण दमात असताना हा उशीर एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होतो. उशीर एकसारखा असता तर वजा करता आला असता, पण तो इंजिनाच्या दमाप्रमाणे कित्येक पटींनी बदलतो. ट्यूनिंग करणारा नोंदी बघताना ज्या क्षणाचा आकडा ज्या क्षणाच्या पेट्रोलशी जोडतो, ते दोन क्षण वेगळे असतात. पेट्रोल वाढवायचं एका ठिकाणी, वाढवलं जातं दुसऱ्याच.

याहून मोठी फसवणूक गळतीची. पाइपाच्या सांध्यातून किंवा फाटलेल्या गॅस्केटमधून धूर बाहेर येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच फटीतून बाहेरची हवा आतही जाते हे पटायला वेळ लागतो. आतला दाब जास्त असताना हवा आत कशी जाईल, असा आक्षेप हमखास येतो. सरासरी दाब जास्त असतो हे खरं. पण इंजिनाचा धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाबाची लाट बाहेरच्या हवेच्याही खाली जाते. त्या क्षणी फट श्वास आत घेते. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. इंजिनानं घेतलेल्या हवेच्या पाच टक्के एवढी हवा जरी अशी चोरवाटेनं शिरली, तर सिलिंडरमध्ये लॅम्डा नेमका १ असूनही सेन्सर १.०५ दाखवेल, पेट्रोलच्या भाषेत १५.४. कुणीही जाणता माणूस हे बघून पाच टक्के पेट्रोल वाढवेल. इंजिन आता खरोखर रिच चालतं, डायल मात्र समाधानानं १४.७ दाखवतो. इथं सेन्सरचा काडीमात्र दोष नाही. म्हणून भोक पाडण्याआधी इंजिनापासून त्या जागेपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासावा लागतो. नव्या कडीचं वेल्डिंगही पूर्ण गोल, कुठंही टाचणीएवढी फट न सोडता करावं लागतं, कारण ती फट तर सेन्सरच्या नाकाशीच असते.

भोक पाडायलाच कशाला हवं, गाडीत आधीच सेन्सर आहे की, असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि २०२० च्या भारत स्टेज ६ नंतर तर दुचाकींतही ऑक्सिजन सेन्सर रूढ झाला. पण कन्व्हर्टरच्या आधीचा मूळ सेन्सर काढून त्या जागी वाइडबँड लावला तर गाडीच्या ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, डोळे काढून घेतल्यासारखं होतं. काही कंट्रोलर मूळ सेन्सरच्या सिग्नलची नक्कल करून देतात, तरी मूळ यंत्रणा आहे तशी ठेवणंच शहाणपणाचं. कन्व्हर्टरच्या मागचं भोक तर आणखी फसवं. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो, सोडतो, उरलेलं पेट्रोल जाळतो. त्याच्या मागे येणाऱ्या धुरातून इंजिनाची बरीच हकीकत पुसली गेलेली असते. तिथला मूळ सेन्सर कन्व्हर्टर नीट काम करतो का हे पाहायला असतो आणि त्या कामाला तो योग्य आहे. तिसरा मार्ग म्हणजे सायलेन्सरच्या शेपटीत नळी घालून मोजणं. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिन पूर्ण दमात असताना त्यातून अंदाज येतो, पण इंजिन निवांत चालताना बाहेरची हवा शेपटीतून उलटी आत येते आणि आकडा लीनकडे झुकतो. स्वतःची कडी, स्वतःचं भोक, कन्व्हर्टरच्या आधी, याला खरा पर्याय नाही.

जागा ठरली, आता कोन. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही. एक लिटर पेट्रोलमधून साधारण तेवढंच पाणी. गरम पाइपात ते वाफ होऊन निघून जातं, पण थंड सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं ते पाइपाच्या पोटात साठतं, सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकतं. सेन्सरला हे पाणी का झेपत नाही, हे समजायला पुन्हा नेर्न्स्टकडे जावं लागतं. त्यांनी १८९७ मध्ये याच झिर्कोनिया आणि यिट्रियाची काडी वापरून विजेचा दिवा बनवला होता. थंड असताना त्या काडीतून वीज जात नसे, म्हणून शेजारी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं ठेवून ती आधी तापवावी लागे. आजच्या सेन्सरातही हीच अडचण आणि हाच उपाय आहे. आत हीटर आहे आणि तो सिरॅमिकला ७८० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. एवढ्या तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा एक थेंब पडला तर ते तडकू शकतं. म्हणून कडी पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात हवी, आणि सेन्सरचं नाक खाली, शेपूट वर अशा बेतानं तो आडव्या रेषेपासून किमान १० अंश तरी उचललेला हवा, म्हणजे पाणी टोपणात न साठता खाली ओघळेल. पाइपाच्या पोटाखालून भोक पाडणं ड्रिलला सोयीचं असतं, कारण गाडी वर उचललेली असते आणि मिस्त्री खाली उभा असतो. तेच सर्वांत वाईट ठिकाण. इथं मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही. वरून हात पोहोचत नसेल तर पाइप उतरवून भोक पाडावं. हीटरची वीजही इंजिन चालू झाल्यावरच मिळेल अशी रिले लावून घ्यावी. चावी फिरवून गाडी नुसती उभी ठेवली आणि हीटर तापत राहिला, मग इंजिन सुरू झालं की पाइपातलं पाणी पहिल्या धुराबरोबर थेट तापलेल्या सिरॅमिकवर येतं. याउलट, सेन्सर पाइपात आहे पण त्याला वीजच दिलेली नाही असंही कधी ठेवू नये. थंड सेन्सरवर काजळी चढते आणि तो लवकर जातो.

टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक अट वाढते. टर्बोच्या आधी पाइपात दाब आणि उष्णता दोन्ही खूप असतात, आणि पोकळीत वायू झिरपण्याचा वेग दाबाबरोबर बदलत असल्यानं आकडा सरकतो. तिथं सेन्सर टर्बोच्या मागेच हवा.

वायरींचं काम वरवर पाइपाशी संबंध नसलेलं, पण आकडा तिथंही बिघडतो. बरेच कंट्रोलर आपलं मोजमाप ० ते ५ व्होल्टच्या सिग्नलनं ईसीयूला किंवा नोंद ठेवणाऱ्या यंत्राला देतात. ० व्होल्ट म्हणजे हवा-पेट्रोल गुणोत्तर १० आणि ५ व्होल्ट म्हणजे २० अशी पट्टी असेल, तर एक व्होल्ट म्हणजे दोन आकडे. कंट्रोलरची अर्थिंग चेसीवर एका टोकाला आणि ईसीयूची दुसऱ्या टोकाला असेल, मधल्या गंजलेल्या बोल्टमुळे दोहोंत दशांश व्होल्टचा फरक पडला, तर नोंदीत ०.२ चा फरक पडतो. डायलवर १२.५, नोंदीत १२.७. दोन्ही अर्थिंग एकाच जागी जोडल्या की हा फरक नाहीसा होतो. सेन्सरच्या प्लगमध्ये सहावी पिनही असते. कारखान्यात प्रत्येक सेन्सरची चाचणी करून त्याच्यापुरता नेमका केलेला एक छोटा रेझिस्टर त्या प्लगमध्ये बसवलेला असतो. वायर आखूड पडते म्हणून प्लग कापून जोड दिला की त्या सेन्सरची ओळखच कापली जाते.

आजकालचे कंट्रोलर स्वतःच सगळ्या चुका दुरुस्त करतात, हा आक्षेप मी बऱ्याच ठिकाणी वाचला आहे. ते सेन्सरच्या चुका दुरुस्त करतात हे मान्य. सेन्सर मोकळ्या हवेत धरून २०.९ टक्क्यांशी जुळवण्याची सोय अनेकांत असते, आणि सेन्सर म्हातारा झाला की त्याचा उपयोगही होतो. पण बाहेरून शिरलेला ऑक्सिजन आणि सिलिंडरमधून उरलेला ऑक्सिजन हे दोन्ही एकच रेणू आहेत. कुठल्याही गणितानं ते वेगळे ओळखता येत नाहीत. सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली की काय होतं ते याच दृष्टीनं पाहावं. तिथली सगळी हवा न जळता पाइपात येते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. ऑक्सिजनचे छोटे रेणू सेन्सरच्या अरुंद वाटेतून पटकन आत शिरतात, पेट्रोलचे मोठे रेणू मागे रेंगाळतात, आणि डायल लीन दाखवतो. मिश्रण रिच असल्यामुळेच ठिणगी विझत असेल, तरीही डायल लीनच दाखवणार. त्यावर पेट्रोल वाढवणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर आणखी पाणी ओतणं. सेन्सरला होणारी विषबाधा मात्र खऱ्या अर्थानं सेन्सरचाच बिघाड असतो. शिसं असलेलं पेट्रोल, हेडगॅस्केटमधून धुरात येणारं कूलंट, जळणारं ऑइल, आणि पाइपाच्या सांध्यावर लावलेला साधा सिलिकॉन सीलंट, यांतलं काहीही सिरॅमिकच्या सूक्ष्म वाटा बुजवून टाकतं. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा अँटीसीझही फक्त आट्यांनाच लावावा; टोपणाच्या भोकांपर्यंत तो जाता कामा नये. कारखान्यातून आट्यांवर लावलेला असेल तर वरून आणखी नको. मग टॉर्क रेंचनं ४० ते ६० न्यूटन-मीटर एवढंच आवळावं.

आकड्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न भारतात गेल्या काही वर्षांत नव्यानं उभा राहिला आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांपर्यंत पोहोचतो. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं, आणि त्या इथेनॉलचा एक वाटा उसाचा रस आणि मळीतून येतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं त्याला हवा कमी लागते, किलोमागे साधारण ९ किलो. त्यामुळे या मिश्रित इंधनाचा चोख आकडा १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतो. पण सेन्सरच्या पोकळीला इंधनाचं नाव कळत नाही; ती फक्त लॅम्डा ओळखते, आणि डायल त्या लॅम्डाला १४.७ नं गुणून दाखवतो. म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर इंजिन चोख चालत असेल तर पेट्रोलच्या पट्टीवरचा डायल १४.७ च दाखवेल. कुणी साडेतेराचा आकडा वाचून डायलवर तो आणायचा प्रयत्न केला, तर लॅम्डा ०.९२ होतो आणि इंजिन विनाकारण पेट्रोल पितं. कंट्रोलरमध्ये लॅम्डाची पट्टी असेल तर तीच निवडावी. या गोंधळावर एवढा साधा उपाय दुसरा नाही.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे. हे सगळं कशाला, ज्याला शहरात गाडी चालवायची आहे त्यानं कारखान्यानं दिलेलं ट्यूनिंग तसंच ठेवावं. ज्याचं इंजिन मूळ स्थितीत आहे त्याला मी हेच सांगेन. पण जुन्या कार्बुरेटरच्या गाडीची डागडुजी करणारा, रॅलीसाठी इंजिन बांधणारा, टर्बो किंवा इंजेक्टर बदलणारा माणूस मिश्रण बदलतोच. मोजल्याशिवाय बदलणं त्यानं टाळावं, एवढंच माझं मागणं. पूर्ण दमात ताकद आणि पिस्टनला थंडावा मिळावा म्हणून लॅम्डा ०.८५ ते ०.९० ठेवला जातो. कारखान्यातला नॅरोबँड, म्हणजे फक्त लॅम्डा १ वर उडी मारणारा, सेन्सर त्या भागात जवळजवळ आंधळा असतो आणि अंदाजानं चालणारा माणूस एक तर पिस्टन वितळवतो, नाही तर काळा धूर ओकतो. मोजमापासाठी कन्व्हर्टर काढून टाकावा लागत नाही, काढूही नये. कडी त्याच्या आधी असते आणि तो आपल्या जागी राहतो.

ट्यूनिंग संपलं की सेन्सर कायमचा ठेवायचा नसेल तर तो उतरवून प्लगसकट डब्यात जपून ठेवता येतो. मोकळ्या कडीत मात्र त्याच मापाच्या आट्यांचं पोलादी बूच, तांब्याच्या वॉशरसकट, घट्ट बसवावं. उघडी राहिलेली कडी ही इंजिनापासून पाऊण मीटरवर, कन्व्हर्टरच्या बरोबर आधी पडलेली १८ मिलिमीटरची गळती असते, आणि तिच्यातून शिरलेली हवा गाडीच्या मूळ सेन्सरलाही तशीच फसवते.